दहा हजार ठिपक्यांची साडी

१८ जून २०२४, सकाळी ६.१०
विद्यापीठाचं पत्र आलं. शेवटची मुदतवाढ. ३० नोव्हेंबरपर्यंत प्रबंध जमा, नाहीतर नोंदणी रद्द. 'शेवटची' या शब्दाखाली कोणीतरी पेनने रेघ ओढली आहे. अशा रेघा ओढण्यात क्लार्क लोकांना काय सुख मिळतं?
घाबरण्यासारखं काहीही नाही. नऊ वर्षांत पाया पक्का झालेला आहे. आता फक्त इमारत उभी करायची. नऊ प्रकरणांपैकी दोन लिहून तयार, त्यातलं एक ऋणनिर्देश.
विषय माझ्यासारखाच अवघड. संगणकावर साडी हलवायची. चित्रकाराने हाताने हलवलेली नव्हे. भौतिकशास्त्राच्या नियमांनी स्वतःहून हलणारी. साडीचे दहा हजार ठिपके करायचे, प्रत्येक ठिपका शेजारच्याला स्प्रिंगने बांधायचा, गुरुत्वाकर्षण सुरू करायचं. मग साडी साडीसारखी वागते. म्हणजे वागलीच पाहिजे. बाजारात तयार सॉफ्टवेअर मिळतं, बटण दाबलं की कापड पडतं. ते लग्नाचे अल्बम करणाऱ्यांसाठी. मी सगळा प्रोग्राम स्वतः लिहितो.
आईने मागून येऊन स्क्रीन पाहिली. स्क्रीनवर माझं मॉडेल, राखाडी बाई, अजून साडी नेसवायची होती. आई म्हणाली, "काहून रे गजू, हे बाई अशी उघडी काहून ठेवली?" विज्ञानात लाज नसते, असं सांगितलं. "बाईत असते ना," म्हणाली.
घरात सगळे मले-तुले करतात. मी प्रमाणभाषा सोडलेली नाही. निदान इथे तरी.
निश्चय: रोज पहाटे पाचला उठणे. उद्यापासून.

२० जून, सकाळी ८.०५
काल उठलो नाही. आजही नाही. बायकोला, रागिणीला, गजर लावायला सांगितलं होतं. ती म्हणते, "मले सातची शाळा हाय, तुमाले उठवाले माहा जन्म नाही." जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण आहे, त्यामुळे बोलणं कायम फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं.

१ जुलै
मी शिकवतो त्या कॉलेजात, आमच्या संगणक विभागात, नवीन बाई रुजू झाल्या. फरजाना शेख. अकोटच्या. वडील लेडीज टेलर. वय असेल अठ्ठावीस-एकोणतीस. सहा महिने प्रोबेशन. खिडकीजवळचं टेबल दिलं. ते टेबल माझं होतं, म्हणजे माझं होणार होतं, हे सगळ्या विभागाला माहीत आहे. ढोक सर हेड आहेत आणि माझे गाइडही, त्यांना तर नक्कीच माहीत आहे.
चहाच्या वेळी बाईंनी विचारलं, सर तुमचा विषय काय. सांगितला. मला वाटलं, थक्क होतील. तर विचारतात, "सर, टाइमस्टेप किती घेता?"
म्हणजे साडीच्या दोन हिशेबांमधला वेळ, तोही पहिल्याच दिवशी! माणसाला पगार विचारण्यासारखं आहे हे. "पुरेसा," म्हणालो.

१२ जुलै, दुपार
साडी चालवली. पहिले तीस फ्रेम उत्तम. ३७व्या फ्रेमला पदर छताकडे. ३९ला साडी स्क्रीनबाहेर. आकडे उघडून पाहिले तर पदराचं टोक बडनेऱ्याच्याही पलीकडे पोचलेलं. ४१ला आकडेच संपले, सगळीकडे 'हा आकडा नाही' असा निरोप.
कारण: लाईटचं व्होल्टेज. कॉलेजचे कॉम्प्युटर.
फरजाना बाई मागे उभ्या होत्या. हसल्या नाहीत. हा त्यांचा धूर्तपणा.

१९ जुलै
बाईंनी टेबलावर एक लेख ठेवला. वर चिठ्ठी: "सर, स्प्रिंग कडक आणि टाइमस्टेप मोठा असला की साडी उधळते. यात दुसरी पद्धत आहे. पुढच्या क्षणाचे धक्के आधीच हिशेबात घ्यायचे."
न वाचता परत केला. झेरॉक्स काढून मग परत केला.

३ ऑगस्ट
झेरॉक्समध्ये तेहतीस समीकरणं. पहिली चार मला पूर्ण पटली.
बाई म्हणाल्या, कोड पाहू द्याल का सर. दिला पेन ड्राइव्ह. एकदा उघडा पडू दे यांचा आवाका.

५ ऑगस्ट, सायंकाळ
साडी उभी राहिली!!
सहाशे फ्रेम. पदर खांद्यावर, निऱ्या कमरेशी, हवा सोडली की पदर हलतो. नऊ वर्षांचं फळ. बाईंनी किरकोळ हात फिरवला आहे, साधारण चारशे ओळी, पण मूळ दहा हजार ठिपके माझे. जागोजागी स्वतःची आद्याक्षरं 'एफ एस' टाकून ठेवली आहेत, भांड्यांवर नाव घालतात तशी.
'अकोट_कापड' नावाची एक वेगळी फाइलसुद्धा जोडली आहे. वडिलांच्या दुकानातून सुती, रेशमी, पॉलिस्टर कापडाच्या पट्ट्या घेतल्या म्हणे. पट्टी टेबलाच्या काठावरून किती लोंबते, त्यावरून कापड किती ताठ ते काढलं. फळी तिरपी करत नेली, कोणत्या कोनाला कापड घसरतं ते मोजलं. हे घर्षण. "त्याच्याशिवाय साडी अंगावर ठरत नाही सर," असं मला सांगतात.
शिवणकाम आणि संशोधन यातला फरक यांना कोणी शिकवलेला नाही. फाइल तूर्त राहू दिली.
ढोक सरांना प्रगती अहवाल मेल केला, पूर्ण कोडसकट. शीर्षक: 'माझी पद्धत.' सरांचं उत्तर आलं, वा. नऊ वर्षांत पहिला 'वा'.

११ सप्टेंबर
घरात महालक्ष्म्या. चार दिवसांपासून माझं टेबल व्हरांड्यात. मुदत डोक्यावर आणि मी चपलांच्या स्टँडशेजारी.
आई आणि रागिणी देवींच्या लोखंडी स्टँडला साड्या नेसवत होत्या. दोन तास. रागिणीने हाक मारली, जरा निऱ्या धरा, माझे हात अडकले. मी निऱ्यांवरच्या प्रकरणात होतो, तसं कळवलं. आई मोठ्याने म्हणाली, शेजारच्या शकुनताईंना ऐकू जाईल अशी: "निऱ्या धर म्हटलं त निऱ्यायवर पुस्तक लिहून राहिलो म्हणते!" बायकांचं हसणं बराच वेळ थांबेना.
सोळा भाज्या, आंबील, पुरण. जेवण झाल्यावर प्रकरण पुढे गेलं नाही. पुरणाचा दोष.

२० सप्टेंबर
विश्वासघात.
नोव्हेंबरात अकोल्याला परिषद आहे. तिथे सादरीकरण झाल्याशिवाय माझा प्रबंध पुढे जात नाही. ढोक सरांनी सहज सांगितलं, फरजानाचाही पेपर मंजूर झाला. विषय? कापडाचं घर्षण आणि साडीची ठेवण.
साडी! माझी साडी!
आता सगळं स्पष्ट दिसतं. पेन ड्राइव्ह मागणं. मदतीचं सोंग. खिडकीजवळचं टेबल.

२३ सप्टेंबर
तक्रार दिली. चार पानं. 'माझ्या नऊ वर्षांच्या संशोधनाची चोरी.' कठोर कारवाईची मागणी. ढोक सरांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "इंगोले, पोरगी प्रोबेशनवर आहे. एकदा विचार कर." केला. सहीखाली हुद्दा राहिला होता, तो घातला.
रागिणीला सांगितलं. तिने पोळी लाटायची थांबवली. "त्या पोरीची नोकरी जाईन, कळते का तुमाले?" मग विचारलं, तुमची साडी चालू कोणी केली? मी म्हणालो, प्रश्न तो नाही. "त मंग कोणता?" तिला उत्तर देण्यात अर्थ नव्हता.

२९ सप्टेंबर, रविवार
पुरावा गोळा करायला अकोटला गेलो. कोणाला सांगितलं नाही. माझी खात्री होती की ती मोजमापं खोटी आहेत. दर्यापूरला बस पंचवीस मिनिटं उभी. उन्हात डोकं दुखायला लागलं.
दुकान गल्लीत, दोन मशिनी. वडील वाहेदभाई, साठीचे, गळ्यात टेप. मी ग्राहक म्हणून जाणार होतो, पण त्यांनी ओळखलं. फरजानाच्या मोबाइलमध्ये विभागाचा फोटो आहे म्हणे. "इंगोले सर ना तुमी? बैठो, बैठो." चहा आला. त्यांना तक्रारीचं काही माहीत नव्हतं. मुलीने घरी सांगितलेलंच नाही.
म्हणाले, "फरजाना बोलते, आमच्या सरनं आपला सगळा काम मले पाहू देला. ऐसा कोणी देत नाही सर. बडं दिल लागते."
मी कपाट पाहात होतो. रजिस्टर होतं. त्यांनीच काढून दाखवलं. प्रत्येक पानावर कापडाची पट्टी चिकटवलेली, खाली कोन, लांबी, तारीख. पहिली तारीख फेब्रुवारी २०१९. तेव्हा ती कॉलेजात शिकत असणार. दोनशे बारा पानं.
माझ्या शर्टाचा खिसा एका बाजूने उसवला होता. म्हातारा म्हणाला, काढा सर. मी बनियनवर बसलो, त्याने मशीनवर खिसा मारून दिला. पैसे घेतले नाहीत.
निष्कर्ष: १) रजिस्टर नंतर तयार केलेलं असू शकतं. पट्ट्या पिवळ्या पडल्या आहेत, पण पट्ट्या पिवळ्या करता येतात. २) खिसा म्हणजे उघड लाच.
शिलाई मात्र सरळ आहे.

७ ऑक्टोबर
चौकशी समिती नेमली. तीन जण. दोघांचेही कोड मागवले आहेत.
बसून माझा कोड नीट पाहिला. 'एफ एस' एकशे सहा ठिकाणी. कोणी गैरसमज करून घेऊ शकतं. सगळे काढले. ओळींमधली नावं बदलली. 'अकोट_कापड' ही फाइल तर नावानेच ओरडत होती, ती पूर्ण काढून टाकली. त्या जागी शून्य लिहिलं. आता कोड शुद्ध आहे. मनालाही हलकं वाटलं.
चालवून पाहिला. पन्नास फ्रेम. साडी जागच्या जागी. सगळे सहाशे चालवायला पाच तास लागतात, तेवढा वेळ कुणाला आहे? शितावरून भाताची परीक्षा.

१४ ऑक्टोबर
समितीची बैठक. फरजाना बाई फार बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, मी सरांचं काही घेतलं नाही, माझं रजिस्टर पाहा. मी पाऊण तास बोललो. शेवटी समितीने ठरवलं, दोघांचं सादरीकरण अकोल्याला आहेच, तिथे पाहू. तोवर बाईंना कायम करण्याची फाइल थांबवली.
विजय अर्धा.
सकाळी त्या 'गुड मॉर्निंग सर' म्हणायच्या, ते बंद झालं. स्टाफरूममध्ये शांतता. बरं झालं. लिहायला शांतता लागते.

४ नोव्हेंबर
दिवाळीत एकही ओळ झाली नाही. रागिणी माहेरी तेल्हाऱ्याला गेली ती आलीच नाही. फोनवर म्हणाली, "तुमी तकरार मांगं घ्या, मी येतो." धमकी! मी तत्त्वाचा माणूस आहे. दोन दिवस आई आणि मी कढी-भात खाऊन आहोत. आई माझ्याशी बोलत नाही, पण वाढते. भात थोडा आदळून वाढते.

१५ नोव्हेंबर
सगळी तयारी झाली. व्हिडिओ नेणार नाही. लाइव्ह चालवणार. व्हिडिओ लपवाछपवी करणाऱ्यांसाठी. उद्याच्या भाषणात फरजाना बाईंच्या नावाचा उल्लेख न करता तीन ठिकाणी उल्लेख केला आहे.

१६ नोव्हेंबर, अकोला. परिषदेच्या गेस्ट हाउसवरून, दुपारी ३.३०
अक्षर खराब येईल. घाईत आहे.
हॉल भरलेला. दीडशे-दोनशे माणसं. पुढच्या रांगेत ढोक सर, समिती, आमचे प्राचार्य. यजमान कॉलेजने वेगवान मशीन दिलं होतं. राखाडी बाई बारा फुटी पडद्यावर, अंगावर हिरवी साडी. मी बोलत होतो. माझी पाठ पडद्याकडे.
पहिल्यांदा मागच्या रांगेत कोणीतरी खोकललं. मग दोघे-तिघे. मला वाटलं, भाषणाचा परिणाम.
वळून पाहिलं. पदर खांद्यावरून उतरत होता. हळूहळू, तेल लावल्यासारखा. मी म्हणालो, हे अपेक्षित आहे. मग निऱ्या सुटल्या. एकामागून एक. मग सगळी साडी, दहा हजार ठिपके, कमरेवरून, गुडघ्यांवरून घसरत फरशीवर. आणि बाई तशीच उभी. बारा फूट.
मी बटणं दाबली. काही होईना. कोण्या पोराने शिट्टी मारली. प्राचार्य उठून उभे राहिले. मले काही सुचेना. मी पडद्यासमोर हात पसरून उभा राहिलो तर ती बाई माझ्यावर पडली, म्हणजे चित्र, अख्खंच्या अख्खं, माझ्या शर्टावर.
मग पडदा काळा झाला. फरजाना बाईंनी हातातली फाइल प्रोजेक्टरच्या तोंडाशी धरली होती. धरून उभ्या राहिल्या, कोणी प्लग काढेपर्यंत. इकडे तिकडे पाहिलं नाही.
ढोक सरांनी मोठ्याने विचारलं, "इंगोले, घर्षण कुठे गेलं?" बाईच म्हणाल्या, "सर, शेवटच्या व्हर्जनमध्ये एखादी फाइल राहून गेली असेल. होते असं घाईत."
एखादी फाइल गेली हे तिला कसं कळलं? इथेच चोरी सिद्ध होते.

त्याच दिवशी, ५.१५, बसमध्ये
बाईंचं सादरीकरण माझ्यानंतर होतं. थांबलो नाही. मूर्तिजापूरपर्यंत टाळ्या कानात होत्या, ज्या मी ऐकल्याच नाहीत.

२१ नोव्हेंबर
समिती. ढोक सरांनी माझाच ऑगस्टचा मेल उघडला. कोडसकट. 'एफ एस' एकशे सहा ठिकाणी. याचा अर्थ काय, विचारलं. फॅब्रिक सेटिंग, असं सांगितलं. मग त्यांनी 'अकोट_कापड' उघडली आणि शेजारी रजिस्टर ठेवलं. आकडे दशांशापर्यंत तेच.
"हेही फॅब्रिक सेटिंग का?" असं समितीतल्या एकाने विचारलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण वातावरण योग्य नव्हतं.
बाहेर आलो तर ढोक सर मागून आले. नऊ वर्षांत कधी खांद्यावर हात ठेवला नव्हता, तो ठेवला. "गजेंद्र, तिने मागितलं असतं तर तू तिचं नाव प्रबंधात टाकलं असतं का?" म्हणालो, तिने मागितलंच नाही. सर म्हणाले, "तेच म्हणतो मी." काय म्हणतात ते कळलं नाही. वय झालं आहे त्यांचं.

२६ नोव्हेंबर
निर्णय. तक्रार फेटाळली. बाईंना कायम करण्याची फाइल पुढे. मी लेखी माफी मागायची. प्रबंधावर गाइडची सही होणार नाही.
आईने विचारलं, काय झालं. म्हणालो, तांत्रिक अडचण. आईने भाताचं पातेलं ओढलं. मग भात वाढला. आज आदळला नाही. त्यापेक्षा आदळला असता तर बरं होतं.

३० नोव्हेंबर
शनिवार. पाऊस नाही, ऊन नाही. दिवसभर घरी होतो.

१ डिसेंबर
माफीचा पहिला मसुदा. तीन पानं. त्यात त्यांच्या चुकाही नमूद केल्या, समतोल राहावा म्हणून. दुसरा मसुदा दीड पान. रागिणीला फोनवर वाचून दाखवला. ती ऐकत होती की नाही कळेना. शेवटी म्हणाली, "यात माफी कुठं हाय?" शोधली. दुसऱ्या पानावर होती, 'जर' नंतर.

२ डिसेंबर
तिसरा मसुदा, सहा ओळी. 'जर' काढला. काढल्यावर वाक्य फार लहान होतं.

३ डिसेंबर, सकाळी ११.२०
साडेदहाला कॉलेजात. पत्रावर बाईंचं पूर्ण नाव लिहायचं होतं. वडिलांचं नाव मधे येतं, ते माहीत होतं. ते लिहिताना पेन थोडा अडखळला. रिफिल जुनी असावी.
बाई टेबलाशी वह्या तपासत होत्या. पत्र दिलं. त्या काय म्हणतील याची मी बसमध्ये यादी केली होती. रागावल्या तर काय बोलायचं, रडल्या तर काय, काही हरकत नाही सर असं म्हणाल्या तर काय. तिन्ही उत्तरं पाठ होती. तिसरं जरा चांगलं जमलं होतं.
त्यांनी पत्र वाचलं. घडी केली. ड्रॉवरमध्ये ठेवलं.
मी उभा होतो.
त्यांनी घड्याळ पाहिलं, खडू उचलला आणि गेल्या. अकराला त्यांचा तास होता.